जागा करताना

२०२४च्या जून महिन्यातील एका सायंकाळी माझ्या संगणकाच्या पडद्यावर एक लहानशी चौकट उमटली. या डिस्कवर पुरेशी जागा शिल्लक नाही, असा तिच्यातील मजकुराचा अर्थ होता. नातीच्या स्नेहसंमेलनाची छायाचित्रे मस्कतहून आली होती आणि ती नेहमीप्रमाणे बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवावीत म्हणून मी बसलो होतो. ही डिस्क म्हणजे तळहाताएवढी एक काळी डबी. माझ्या मुलीने ती २०१४ साली मला भेट दिली, तेव्हा 'पप्पा, ही तुम्हांला जन्मभर पुरेल,' असे ती म्हणाली होती. कोकणातली दमट हवा लागू नये म्हणून मी ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, औषधांच्या बाटल्यांतून निघणाऱ्या त्या ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवीत आलो आहे. जन्म अजून उरला आहे, डिस्क मात्र दहा वर्षांत काठोकाठ भरली.

माझ्यासारख्या सेवानिवृत्त शिक्षकाजवळ एवढे साठवण्याजोगे असते तरी काय, असे वाचक विचारतील. त्याचे उत्तर देण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. वसईच्या वाडीत जन्मलेला मी १९७९ साली पेण तालुक्यात नोकरीसाठी आलो आणि पुढे वडखळला घर केले. नाक्यावरून एक रस्ता धरमतर, पोयनाड करीत अलिबागला जातो आणि दुसरा नागोठण्यावरून गोव्याकडे. कोठेही जायचे तर एस.टी. दारातच मिळेल, हा त्यामागील हिशेब. घर सखल जागी आहे, हे मात्र हिशेबात धरले नव्हते. १९८९च्या जुलैत अंबा नदीच्या पुराने जांभूळपाडा उद्ध्वस्त केला, तेव्हा आम्ही बचावलो. २६ जुलै २००५ला बचावलो नाही. भरती आणि पाऊस एकाच वेळी आले आणि घरात कमरेएवढे पाणी चढले. कपाटाच्या खालच्या खणात आमचे अल्बम होते. दोन दिवसांनी ते उघडले, तर पाने एकमेकांना चिकटून एक लादी झाली होती. माझ्या पत्नीने ती लादी परातीत, स्वच्छ पाण्यात भिजत घातली आणि एकेक छायाचित्र सोडवून कपडे वाळत घालायच्या दोरीवर चिमट्यांनी लावले. सुमारे नऊशे वाचली. काहींवरचे चेहरे गेले होते, पण साड्या ओळखू येत होत्या.

त्यानंतर मी स्कॅनर घेतला आणि दोन पावसाळे बसून ती नऊशे छायाचित्रे संगणकात उतरवली. येथे माझ्या अज्ञानाचा पहिला मासला. स्कॅनरवर सूक्ष्मतेचे आकडे होते. तीनशे, सहाशे, बाराशे. परीक्षेत जास्त गुण बरे, तसे येथेही असेल असे समजून मी बाराशेवर बोट ठेवले. चार बाय सहा इंचांचे एक छायाचित्र इंचाला बाराशे बिंदू या मापाने उतरवले की त्याचे साडेतीन कोटींच्या आसपास बिंदू होतात आणि न आकसता ठेवले तर त्याला शंभर एमबीहून अधिक जागा लागते. तीनशेच्या मापाने तेच काम साडेसहा एमबीत होते, म्हणजे सोळावा हिस्सा. स्टुडिओतून छापून आलेल्या साध्या छायाचित्रात मुळात तेवढे बारकावे नसतातच; मी कागदाचा धागा आणि चिखलाचे कण मोठ्या निष्ठेने जतन केले होते. नव्वद जीबीच्या घरातील जागा त्यांनी व्यापली होती.

मुलीने फोनवर दोन उपाय सुचवले. नवी डिस्क घ्या, नाहीतर सगळे गुगलवर टाका. दुसऱ्या उपायाबद्दल मी चौकशी केली. पूर्वी तेथे थोडी प्रत कमी करून कितीही छायाचित्रे विनामूल्य ठेवता येत. १ जून २०२१ पासून ती सवलत संपली आणि पत्रे, फायली व छायाचित्रे मिळून पंधरा जीबीपलीकडे पैसे मोजावे लागतात. पैशाचा प्रश्न नव्हता. नवी डिस्क घेणेही जड नव्हते. पण नव्या माळ्यावर जुना माळा उचलून ठेवायचा, हे मला पटेना.

माळ्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. माझी पत्नी दर मे महिन्यात घराचा माळा रिकामा करी. सगळे सामान खाली अंगणात येई. तांब्याची घंगाळी, फुटकी सुपे, मुलांच्या वह्या, माझ्या शाळेचे जुने अहवाल. ती प्रत्येक वस्तू हातात घेई, पुशी, आणि मगच ठेवायची की काढायची ते ठरवी. मी घाई करीत असे. 'हे सगळे भंगारात दे, नाहीतर सगळे परत वर टाक,' असा माझा सल्ला. त्यावर ती काही बोलत नसे. २०२२ साली ती गेली आणि तेव्हापासून माळ्यावर कोणी चढलेले नाही. डिस्कची ती चौकट पाहिली तेव्हा मला वाटले, निदान हा एक माळा तरी मी तिच्या पद्धतीने झाडून काढावा. आणि करताना पद्धत वापरली ती माझीच.

आधी हिशेब. डबीवर एक टेराबाइट लिहिलेले, संगणक मात्र ९३१ जीबीच दाखवतो. मला दुकानदाराचा संशय आला होता. पण येथे कोणी फसवलेले नाही. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, संगणक १०२४च्या पटीत मोजतो आणि दोघेही त्याला तेच नाव देतात. शेर आणि किलो यांच्या जमान्यात वाढलेल्या माणसाला हे समजायला अवघड नाही. या ९३१ जीबीपैकी मुलीच्या २०१६ सालच्या लग्नाचे न कापलेले चित्रण ३१० जीबी. माझ्या व पत्नीच्या फोनचे वेळोवेळी उतरवलेले सगळे सामान २८० जीबी. पुतण्याने 'काका, वेळ जायला' म्हणून भरून दिलेले चित्रपट १२० जीबी. बाकी छायाचित्रे आणि जुन्या संगणकाची एक जशीच्या तशी नक्कल. मी तीस वर्षांत जे काही लिहिले, त्याला अवघे ३८ एमबी लागले होते. हा आकडा पाहून मी जरा ओशाळलो.

चित्रपट पहिल्या दिवशीच काढले. १२० जीबी पुसले आणि पाहतो तो रिकामी जागा तेवढीच, शून्य! पुन्हा पाहिले, डबी काढून पुन्हा लावली, तरी तेच. दुसऱ्या दिवशी शेजारच्या महाविद्यालयीन मुलाने खुलासा केला. छोट्या पेन ड्राइव्हवरून काढलेली वस्तू थेट जाते. पण अशा हार्ड डिस्कवरून काढलेली वस्तू त्याच डिस्कच्या एका लपलेल्या कोपऱ्यातील टोपलीत पडते, आणि ती टोपली रिकामी करीपर्यंत जागा अडलेलीच राहते. घरातला केर उंबऱ्याबाहेर न टाकता दाराआड लोटून ठेवावा, तसा हा प्रकार. टोपली रिकामी केली आणि एकदम १२० जीबी मोकळे झाले. त्या आकड्याने मला जी धुंदी चढली, तीच पुढे भोवली असे मला वाटते.

फोनच्या सामानाची गोष्ट निराळी होती. फोन भरला की मी तो संगणकाला जोडी आणि आतले सगळे उचलून डिस्कवर नव्या फोल्डरात टाकी. पण फोनमधून काही काढत नसे. परिणामी पुढच्या वेळी जुने आणि नवे दोन्ही येई. असे अकरा फोल्डर होते. पहिल्यातले छायाचित्र अकरा वेळा, दुसऱ्यातले दहा वेळा. शिवाय सुप्रभातीचे गुलाब, सणांच्या शुभेच्छा, वितभर लांबीची वैद्यकीय सत्ये. हे चिमुकले ऐवज डिस्कवर आपल्या आकारापेक्षा जास्त जागा खातात, हे मला याच काळात कळले. जावयाच्या मॅकवरही चालावी म्हणून त्याने आमची डिस्क एका विशिष्ट रीतीने आखून दिली होती. त्या आखणीत डिस्कचे १२८ केबीचे समान कप्पे पडतात. फाइल पाच केबीची असली तरी तिला अख्खा कप्पा द्यावा लागतो आणि उरलेल्या जागेत दुसरी मावत नाही. अशा चाळीस हजार फायली असल्या की पाच जीबी नुसत्या कप्प्यांत जातात.

आमच्या भागात समुद्राच्या खाऱ्या पाण्यापासून भातशेती राखायला बांध घालतात आणि त्या बांधांना उघाडी ठेवतात. ओहोटीला आतले पावसाचे पाणी दार ढकलून बाहेर पडते. भरतीला बाहेरचे पाणी तेच दार दाबून बंद करते. या उघाडीची झडप कुजली किंवा गाळाने अडली की शेत आतल्याच पाण्याने नासते. बांधाला खांड पडली तर ती सर्वांना दिसते. अडलेली उघाडी मात्र भात पिवळे पडेपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही. माझ्या त्या अकरा फोल्डरांकडे पाहताना मला वारंवार धरमतरच्या खाडीकाठची ती शेते आठवत होती.

आता चुकीविषयी. अकरा फोल्डर एकात मिळवावेत, म्हणजे दुबार आपोआप नाहीसे होतील, अशी युक्ती मला सुचली. एका फोल्डरातील सामान दुसऱ्यात ओढले की, त्याच नावाची फाइल आधीच असेल तर संगणक विचारतो, जुनीच्या जागी नवी ठेवू का? पहिल्या वीस-पंचवीस वेळा मी दोन्ही उघडून पाहिल्या. दोन्ही एकच होत्या. मग कंटाळा आला आणि 'सर्वांना हेच लागू' या खुणेवर बोट ठेवून मी चहा करायला उठलो.

नाव एक असले म्हणजे वस्तू एकच, हे मी कशावरून धरले? चाळीस वर्षे वर्गात हजेरी घेतलेल्या माणसाने ही चूक करावी! एका वर्गात एकाच नावाची तीन मुले असतात. फोनचे तसेच आहे. प्रत्येक फोन आपल्या ध्वनिमुद्रणांना एकपासून क्रमांक देतो. पत्नीचा फोन आणि माझा फोन एकाच बनावटीचे होते. दोघांतही 'रेकॉर्डिंग १' होते. माझे 'रेकॉर्डिंग १' म्हणजे पेणला २०१२ साली झालेल्या सेवानिवृत्तांच्या एका सभेचा बेचाळीस मिनिटांचा गोंगाट. तिचे 'रेकॉर्डिंग १' म्हणजे मे २०११ मध्ये वसईला, आमच्या घराच्या पडवीत, माझ्या आईशी झालेले नऊ मिनिटांचे बोलणे. आई २०१३ साली गेली. तिचा आवाज दुसऱ्या कोठेही नव्हता.

हे मला लगेच कळलेही नाही. तीन आठवड्यांनी आईच्या स्मृतिदिनानिमित्त ते बोलणे ऐकावे म्हणून मी फाइल उघडली, तर महागाई भत्त्याच्या थकबाकीवर तावातावाने बोलणारे आमचे एक सहकारी ऐकू आले. प्रथम मला हसू आले. मग सर्व फोल्डर उलटेपालटे केले. टोपलीत पाहिले. पण एकाच्या जागी दुसरी बसवलेली फाइल टोपलीत जात नाही. तिचा पत्नीचा फोन आम्ही केव्हाच नव्या फोनच्या बदल्यात दुकानात देऊन टाकला होता. त्या रात्री मी डबी हातात धरून बराच वेळ बसून राहिलो. जी वस्तू जपण्यासाठी हा सारा खटाटोप होता, तिने डिस्कवर साडेआठशे केबीहून अधिक जागा घेतलेली नव्हती. सुप्रभातीच्या दहा-बारा गुलाबांएवढी जागा.

पेणला संगणक दुरुस्तीचे काम करणारा एक तरुण माझा विद्यार्थी आहे. त्याने डबी हातात घेताच पहिला प्रश्न विचारला, "सर, त्यानंतर यावर काही नवीन भरलंत का?" भरले होते. मोकळी झालेली जागा पाहून मी मुलीकडून आलेली छायाचित्रे आणि चित्रणे मिळून तीस जीबी उत्साहाने भरली होती. तो काही बोलला नाही. पण वर्गात चुकलेल्या मुलाकडे मी जसा पाहत असे, तसा त्याने माझ्याकडे पाहिले. मग समजावून सांगितले. डिस्कवरून वस्तू काढली म्हणजे ती खरोखर पुसली जात नाही. ग्रंथालयातील सूचीतून पुस्तकाचे कार्ड काढून टाकावे, पण पुस्तक फळीवर तसेच असावे, एवढेच घडते. ती फळी आता मोकळी आहे असे मात्र धरले जाते, आणि नवे पुस्तक आले की ते तेथे ठेवले जाते. तोवर जुने शोधून काढता येते. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर ही आशा असते; हल्लीच्या तबकडीविरहित डिस्कवर बहुधा तीही राहत नाही, कारण तेथे मोकळे ठरलेले कप्पे यंत्रच स्वतःहून साफ करून ठेवते.

चार दिवसांनी त्याने मला एक फोल्डर दिले. त्यात चार हजारांवर फायली होत्या आणि एकीलाही नाव नव्हते, नुसते क्रमांक. सूचीतली कार्डे गेली असल्यामुळे त्याच्या यंत्राने फळीवरची पाने थेट वाचली होती आणि एखाद्या प्रकारच्या फाइलीची सुरुवात जशी असते तशी खूण जेथे दिसली, तेथून पुढचे उचलले होते. त्यांतील आवाजाच्या फायली साडेतीनशेच्या आसपास. मी सकाळ-संध्याकाळ त्या ऐकू लागलो. गॅसवाल्याशी झालेले बोलणे, कोंबड्याचे आरवणे, नाक्यावरच्या गाड्यांचे कर्णे, कोणीतरी खिशात चुकून चालू ठेवलेल्या फोनमधली नुसती खसखस. त्यांत मधूनच पत्नीचा आवाज येई. बाजारातून काय आणायचे ते सांगताना, एखादा निरोप देताना. ते मी बाजूला ठेवीत गेलो. एरवी मी ते ऐकलेच नसते, हेही येथे नोंदवले पाहिजे.

दोनशे चौदावी फाइल आईची निघाली.

ती दोन मिनिटे त्रेचाळीस सेकंदांची आहे. नऊ मिनिटांच्या त्या बोलण्याचे डिस्कवर सात कप्पे झाले होते. पहिले दोन जसेच्या तसे राहिले, उरलेल्या पाच कप्प्यांवर माझ्या त्या तीस जीबींपैकी काहीतरी येऊन बसले होते. कदाचित नातीचे नृत्य. त्या पोरीचा काय दोष!

पत्नीने आईला सुकेळ्यांविषयी विचारले होते. वसईचे वाचक जाणतातच. इतरांसाठी सांगतो की राजेळी जातीची पिकलेली केळी सोलून, उन्हात वाळवून जी टिकाऊ केळी तयार करतात ती सुकेळी. आई सांगते आहे, केळे किती पिकलेले असावे, सोलताना शिरा कशा काढाव्यात, दिवसा उन्हात आणि रात्री केळीच्या पानांखाली ती कशी ठेवावीत. मागे विहिरीवरच्या पंपाचा आवाज आहे. आई मध्येच थांबून कोणाला तरी 'दार ओढून घे' असे म्हणते. मग पत्नी विचारते, "आणि मध्येच पाऊस आला तर?" आई हसते. येथे कप्पा संपतो.

ते हसणे मी किती वेळा ऐकले ते सांगत नाही.

पुढच्या सहा मिनिटांत आई काय बोलली होती, ते आठवण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला. तिच्या आजोळच्या वाडीविषयी काही होते, सुकेळी बांधायच्या केळीच्या सोपटांविषयी काही होते, आणि कोणा एका पाहुण्याची गोष्ट होती जिच्यावर पत्नी मोठ्याने हसली होती. ती गोष्ट मला आठवत नाही. ते बोलणे डिस्कवर आहे, या भरवशावर मी ते लक्षात ठेवण्याचे कष्टच घेतले नव्हते. वसईला माझी थोरली बहीण आहे. तिला फोन करून विचारले, पाऊस आला तर आई काय करीत असे? ती म्हणाली, "चुलीवरच्या माचावर पसरायची." चुलतभावाला विचारले, तो म्हणाला, "छे, माच लाकडाच्या धुराने काळा असायचा. पावसात भिजलेली केळी गुरांना घालायचे." दोघांत त्यावरून अजून वाद आहे.

त्यानंतर मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी पत्नीच्या पद्धतीने. आधी दुसरी एक डिस्क विकत आणली (मुलीचे शेवटी ऐकलेच!) आणि उरलेल्या सगळ्याची जशीच्या तशी प्रत तीवर करून ती बहिणीकडे वसईला पाठवून दिली; एक घर पाण्यात गेले तर दुसऱ्या घरात राहावे म्हणून. मग एक जाड वही घेतली. दुबार फायली नावावरून नव्हे, आतल्या मजकुरावरून ताडून पाहणारी एक विनामूल्य प्रणाली त्या विद्यार्थ्याने बसवून दिली. ती दोन्ही फायली अक्षरशः सारख्या असल्या तरच त्यांना जुळ्या म्हणते. तिने २८० जीबींचे साठ केले आणि या खेपेस एकही वेगळी वस्तू गेली नाही. नऊशे छायाचित्रांची सूक्ष्मता मी बाराशेवरून सहाशेवर आणली. डोळ्यांना काहीच फरक दिसला नाही आणि पासष्ट जीबी सुटले.

माझ्या लेखनाच्या ३८ एमबींत काही फायली उघडल्या तर नुसती रोमन अक्षरे, आकडे आणि चिन्हे यांची खिचडी दिसली. खराब झाल्या असे समजून मी त्या काढणारच होतो. आता मात्र थांबायची सवय लागली होती. त्या १९९०च्या दशकातील शाळेच्या वार्षिकांकाच्या फायली निघाल्या. तेव्हा युनिकोड घरोघर पोहोचले नव्हते. प्रत्येक मराठी टंक रोमन अक्षरांच्या जागांवर आपापल्या मर्जीने देवनागरी आकार बसवी. तो टंक संगणकात नसला की मराठी लोपते आणि खिचडी उरते. योग्य टंक मिळवून त्यांचे रूपांतर केले, तेव्हा डोलवी, गडब, शिर्की येथून येणाऱ्या माझ्या मुलांचे निबंध पुन्हा वाचता आले. 'माझे आवडते झाड' या विषयावर एकाने बांधावरच्या तिवरांविषयी लिहिले आहे. गुण मी त्याला दहापैकी पाच दिले होते, असे अंधुक आठवते. आज जास्त दिले असते.

या कामात मला गोविंद सखाराम सरदेसाई यांची आठवण होई. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. रियासतकारांनी आपल्या साहाय्यकांसह त्यांतून निवड करून १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंड प्रसिद्ध केले. निवडलेले छापले, न निवडलेले पुन्हा रुमालात बांधून जागेवर ठेवले. जागा करण्याची सक्ती त्यांच्यावर नव्हती, हे खरे. पण त्यांच्यानंतर आलेल्या अभ्यासकांना न छापलेल्या कागदांतही हवे ते सापडत राहिले. कोणता कागद कोणाला लागेल, हे निवडणाऱ्याला ठाऊक नसते.

आणि आयबीएमने १९५६ साली जी पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तिच्यात दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि वजन टनभर. तरी तिच्यात पन्नास लाख अक्षरेच मावत. आईच्या त्या नऊ मिनिटांच्या जेमतेम चार प्रती. तेव्हाच्या माणसाने काय ठेवायचे ते दहादा विचार करून ठरवले असेल. आम्हांला जागा स्वस्त मिळाली आणि आम्ही पाहण्याचे सोडले. हा माझा त्रागा आहे. वाचकांनी तो माझ्यापुरताच धरावा.

लग्नाच्या ३१० जीबींपाशी मात्र माझा सारा हिशेब कोलमडला. कापून, संगीत घालून तयार केलेली तीन तासांची फीत वेगळी आहे. हे तिच्यामागचे चौदा तासांचे कच्चे चित्रण. दोन कॅमेरे, दोन दिवस. मुलगी स्वतः म्हणाली, "काढून टाका पप्पा, कोण बघणार?" मी काढण्यापूर्वी एकदा पाहायला बसलो. त्यात वधूवरांच्या मागे, धूसर, पत्नी येते-जाते. हातात किल्ल्यांचा जुडगा. आचाऱ्याला काही सांगते, एका म्हाताऱ्या पाहुणीला खुर्ची सरकवून देते, एकदा भिंतीला टेकून क्षणभर डोळे मिटते. तिला वाटत असावे की तिच्याकडे कोणी पाहत नाही. तयार फितीत ती सजूनधजून मोजून चार वेळा दिसते. कच्च्यात मी एकशे बारा ठिकाणे वहीत नोंदवली. तेवढीच कापून बाकीचे काढावे, असे विद्यार्थ्याने सुचवले. तसे करता येईल. अद्याप केलेले नाही. एवढे करूनही डिस्कवर चारशे जीबींहून अधिक जागा आज मोकळी आहे आणि ती भरायला मी उत्सुक नाही.

आईच्या दोन मिनिटे त्रेचाळीस सेकंदांना आता पूर्ण नाव आहे; कोण, कोणाशी, कोठे, कधी. तीन ठिकाणी प्रती आहेत. गेल्या नाताळात मी बहिणीला तिच्या पडवीत बसवून तोच प्रश्न विचारला आणि तिचे उत्तर मुद्रित केले, चुलतभावाचेही, शेजारीच. दोघांची मते कायम आहेत.

एक गोष्ट राहिली आहे. लहानपणापासून आजीवर अतोनात प्रेम करणाऱ्या माझ्या मुलीला ते नऊ मिनिटांचे बोलणे डिस्कवर आहे एवढेच ठाऊक आहे. आपली मुलगी थोडी मोठी झाली की तिला ऐकवीन, असे ती प्रत्येक फोनवर म्हणते. मी 'हो' म्हणतो. घडले ते तिला तोंडाने सांगणे मला अजून जमलेले नाही. हे त्रैमासिक तिला मस्कतला टपालाने जाते आणि ती ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते.